मुलगा पाणबुडीवर आहे

आपल्या महाराष्ट्रात असे गाव विरळाच, की जिथला एकही मुलगा फौजेत नाही. साताऱ्याकडच्या काही गावांत तर घरटी एक माणूस सैन्यात असतो. कोकणातली मुले पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर जात आली आहेत. मुलगा सीमेवर आहे म्हटले की आईबापांच्या डोळ्यांपुढे काहीतरी चित्र उभे राहते. डोंगर, बर्फ, तंबू, खांद्यावर बंदूक. मुलगा बोटीवर आहे म्हटले तरी समुद्र दिसतो, शीड दिसते, धूर दिसतो.

पण मुलगा पाणबुडीवर आहे म्हटले की काय दिसते? काहीच दिसत नाही. नुसते काळे पाणी दिसते. आणि जे दिसत नाही त्याची भीती जास्त वाटते. “मन चिंती ते वैरी न चिंती,” असे आपल्याकडे म्हणतात ते खोटे नाही.

हा पाठ अशा आईबापांसाठी आहे. ज्यांचा मुलगा पाणबुडीवर नाही त्यांनीही तो वाचावा. शेजारच्या घरी असा मुलगा असेल. त्या घरी काय बोलावे आणि काय बोलू नये, हे आपल्याला कळेल.

१. पाणबुडी बुडते कशी आणि वर येते कशी?

रिकामी घागर विहिरीत टाका. ती तरंगते. तिच्यात पाणी भरू लागले की ती खाली जाते. पाणबुडीचे गणित हेच आहे. तिच्या अंगाला मोठमोठ्या टाक्या असतात. खाली जायचे असले की त्या टाक्यांत समुद्राचे पाणी घेतात. वर यायचे असले की दाबून भरून ठेवलेली हवा त्या टाक्यांत सोडतात. हवा पाण्याला बाहेर ढकलते. टाक्या हलक्या होतात आणि पाणबुडी वर येते.

म्हणजे पाणबुडी “बुडते” हा शब्द आपण नीट समजून घेतला पाहिजे. ती बुडत नाही, बुडी मारते. विहिरीत पोहणारी पोरे बुडी मारतात आणि पुन्हा वर येतात, तसेच हे आहे.

खाली पाण्याचा दाब फार असतो. दर दहा मीटर खाली गेले की एवढ्याशा बोटाच्या नखाएवढ्या जागेवर सुमारे एक किलोचा भार वाढतो. म्हणून पाणबुडीचे अंग जाड, खास पोलादाचे आणि नळकांड्यासारखे गोल असते. गोल वस्तू दाब चांगला सोसते.

आपल्या देशाच्या नौदलातली पहिली पाणबुडी ‘कलवरी’. ती ८ डिसेंबर १९६७ रोजी त्या वेळच्या सोव्हिएत संघातल्या रीगा बंदरात आपल्या नौदलात दाखल झाली. म्हणून ८ डिसेंबर हा दिवस नौदलात पाणबुडी दिन म्हणून पाळतात. तेव्हा पाणबुड्या परक्या देशातून आणाव्या लागत. आता मुंबईच्या माझगाव गोदीत त्या बांधतात. कलवरी हेच नाव घेतलेल्या नव्या जातीच्या सहा पाणबुड्या माझगाव गोदीत बांधल्या गेल्या. त्यांतली पहिली २०१७ साली आणि सहावी २०२५ साली नौदलात दाखल झाली.

त्या सहांतल्या एकीचे नाव आहे ‘खांदेरी’. हे नाव आपल्याला परके नाही. अलिबागजवळ थळच्या समोर समुद्रात खांदेरीचा किल्ला आहे. १६७९ साली शिवाजी महाराजांनी तेथे किल्ल्याचे काम सुरू केले. मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी यांनी ते मोडून काढायची खटपट केली. पण किल्ला उभा राहिला. त्या किल्ल्याचे नाव आज पाणबुडी मिरवते आहे.

या पाणबुडीची लांबी सुमारे साडेसदुसष्ट मीटर. म्हणजे एस.टी.च्या सहा गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर होईल तेवढी. तिच्यात चाळीसच्या आसपास माणसे राहतात. यंत्रे, तोफगोळ्याच्या जागी पाणतीर, बॅटऱ्या, तेल, अन्न, पाणी, सगळे त्याच जागेत. मग माणसाच्या वाट्याला किती जागा येत असेल याचा विचार करा.

२. मुलगा फोन का करीत नाही?

आईबापांना सगळ्यांत जास्त छळणारा प्रश्न हाच. “दोन आठवडे झाले, पोराचा फोन नाही. रागावला का? आजारी पडला का? काही झालं तर नाही ना?”

याचे उत्तर दोन गोष्टींत आहे.

पहिली गोष्ट. मोबाइल ज्या लहरींवर चालतो त्या लहरी खाऱ्या पाण्यातून जात नाहीत. डोंगराच्या घळीत गेलो तर आपला फोन लागत नाही. समुद्राचे पाणी तर त्या डोंगरापेक्षाही वाईट. पाणबुडी पाण्याखाली गेली की फोन संपला.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. लपून राहणे हेच पाणबुडीचे बळ आहे. ती कोठे आहे हे शत्रूला कळले नाही, तरच ती सुरक्षित. रात्री मक्याची राखण करणारा माणूस माळ्यावर बसतो. रानडुकरे यायची वाट पाहतो. तो विडी पेटवीत नाही. खोकला आला तरी तोंडावर फडके धरतो. का? आवाज झाला की जनावर सावध होते. पाणबुडीतही तसेच. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो आणि दूरवर ऐकू जातो. म्हणून आत माणसे जपून चालतात. भांडे पडू देत नाहीत. आणि पाणबुडीने संदेश पाठवला तर तो कोठून आला हे शत्रू हुडकून काढू शकतो. म्हणून ती बोलत नाही. नुसती ऐकते.

तिला ऐकू जाईल असे संदेश पाठवायला किनाऱ्यावर मोठी केंद्रे असतात. तामिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यात आपल्या नौदलाचे असे एक केंद्र आहे. तेथून फार लांब लहरींवर संदेश सोडतात. त्या लहरी पाण्यात थोड्या खोलीपर्यंत पोचतात. म्हणजे पाणबुडीला हुकूम मिळतो. उत्तर मात्र ती सहसा देत नाही.

हे नीट ध्यानात घ्या. मुलगा गप्प आहे, याचा अर्थ त्याने आपल्याला टाकले असा नाही. त्याच्यावर संकट आले असाही नाही. गप्प राहणे हेच त्याचे काम आहे. शेतकऱ्याचे काम नांगरणे, तसे त्याचे काम गप्प राहणे.

३. तो आत कसा राहतो?

तेथे सूर्य नाही. दिवस आणि रात्र घड्याळावर चालते. माणसे पाळीपाळीने काम करतात. काही तास पहारा, काही तास झोप. झोपायची फळी अरुंद, एकावर एक रचलेली. कधी कधी एकाच फळीवर पाळीपाळीने दोघे झोपतात. एक उठला की दुसरा त्याच जागी आडवा होतो.

गोडे पाणी तोलून वापरावे लागते. रोज आंघोळ होईलच असे नाही. हवेची काळजी यंत्रे घेतात. माणसाने सोडलेली दूषित हवा शोषून घेतात आणि प्राणवायू पुरवतात. डिझेलवर चालणारी पाणबुडी मधूनमधून पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येते. एक नळी पाण्याबाहेर काढून हवा घेते, इंजिन चालवते आणि बॅटऱ्या भरून घेते. मग पुन्हा खाली जाते. आत तेलाचा वास सगळीकडे असतो. तो कपड्यांनाही लागतो.

जेवण मात्र चांगले असते. आत एक स्वयंपाकी असतो आणि सगळे त्याला जपतात! लहान जागेत माणसांचा जीव जेवणावर असतो.

असे राहणे सगळ्यांना जमत नाही. म्हणून पाणबुडीसाठी माणसे पारखून घेतात. विशाखापट्टणम्‌ला नौदलाची ‘सातवाहन’ नावाची शाळा आहे. तेथे त्यांना शिकवतात. पाणबुडीत काही बिघाड झाला तर बाहेर कसे पडावे, याचाही पाण्याच्या खोल टाकीत सराव करून घेतात. परीक्षा होतात. त्या पार केल्यावर छातीवर डॉल्फिनचे चिन्ह लावायला मिळते. मुलाच्या छातीवर ते चिन्ह पाहिले, तर समजा की पोराने ते कष्टाने मिळवले आहे.

४. तो निघण्यापूर्वी काय करावे?

मुलगा सुट्टीवर घरी आला की त्याच्याजवळ बसा. एक वही घ्या. आता आपल्याला लिहिता येते. दुसऱ्या कोणाला बोलावण्याची गरज नाही. त्या वहीत पुढील गोष्टी आपल्या हाताने लिहा.

एक : मुलाचे पूर्ण नाव, हुद्दा आणि नौदलातला क्रमांक. या क्रमांकाशिवाय कचेरीत काम अडते.

दोन : त्याचा टपालाचा पत्ता. नौदलाचे टपाल ‘फ्लीट मेल ऑफिस’मार्फत जाते. पत्ता मुलाकडूनच लिहून घ्या. एकही अक्षर चुकू देऊ नका.

तीन : त्याच्या पथकाच्या कचेरीचा फोन नंबर. नौदलात प्रत्येक नौसैनिकाची काळजी पाहणारा एक अधिकारी नेमलेला असतो. त्याला ‘डिव्हिजनल ऑफिसर’ म्हणतात. त्याच्याशी गाठ कशी घालायची हे विचारून ठेवा.

चार : त्याच गावात किंवा बंदरावर राहणाऱ्या एखाद्या सोबत्याच्या घरचा फोन नंबर.

पाच : आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाचा पत्ता आणि फोन.

ही वही पेटीत, कागदपत्रांच्या जवळ ठेवा. ती कोठे आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत पाहिजे. नंबर नुसता मोबाइलमध्ये असून भागत नाही. मोबाइल हरवतो, पाण्यात पडतो. वही घरातच राहते.

आणखी एक विचारायचे. “बाबा रे, तुझ्या कागदावर आमची नावं नीट लिहिली आहेत का? पैशाचा वारस कोण लावला आहेस?” हे विचारायला आईबापांना जड जाते. अभद्र वाटते. पण पेरणीआधी बांध घालतो तो पाऊस वाईट होईल म्हणून नाही, शेत नीट राहावे म्हणून. लग्न झाले, मूल झाले, की कागद बदलावे लागतात. मुलाने आपली नावे अवलंबून म्हणून नियमाप्रमाणे लावली असतील, तर आपल्याला नौदलाच्या इस्पितळात उपचार मिळू शकतात. मुंबईला कुलाब्यात ‘अश्विनी’ हे नौदलाचे मोठे इस्पितळ आहे. त्याचे कार्ड काढले आहे का, तेही विचारून घ्या.

५. पत्र लिहा

“फोन असताना पत्र कशाला?” असे कोणी विचारील. त्याचे कारण सांगतो. फोनवरचे बोलणे त्याच क्षणी संपते. पत्र राहते. मुलगा महिन्याने बंदरात आला की त्याच्या हाती पत्रांची चळत पडते. तो एकेक उघडतो. आईच्या हातचे वाकडेतिकडे अक्षर पाहतो. ज्या आईला काल-परवापर्यंत अंगठा उठवावा लागत होता तिने स्वतः लिहिले, हे पाहून त्याला काय वाटेल ते आम्ही लिहून दाखवू शकत नाही.

पूर्वी मास्तरांकडून किंवा पोस्टमनकडून पत्र लिहून घेत. मनातले सगळे सांगता येत नसे. परक्यापुढे आई काय बोलणार? आता आड कोणी नाही.

पत्रावर तारीख घाला. क्रमांकही घाला. अनेक पत्रे एकदम मिळाली तर कोणते आधीचे आणि कोणते नंतरचे हे त्याला कळेल. मोठ्या बातम्या नसल्या तरी चालेल. घरातले लहानसहान लिहा. पाण्याखालच्या माणसाला त्याचीच भूक असते. असे पत्र लिहिता येईल :

“पत्र तिसरे. आषाढ वद्य पंचमी.
चिरंजीव बाळ यास आईचे अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की, इकडे सर्व खुशाल आहे. तुझी खुशाली देव राखो. पाऊस चांगला लागला. खालच्या वाफ्यात लावणी झाली. वरचा तेवढा राहिला आहे. कपिला व्याली, कालवड झाली. कपाळावर पांढरा टिळा आहे. नाव तू आल्यावर ठेवू. तुझ्या बाबांचा गुडघा दुखतो, पण डॉक्टरांनी औषध दिले, आता कमी आहे. तू लावलेला आंबा माझ्या कमरेएवढा झाला. हे पत्र मी स्वतः लिहिले आहे. चूक असेल ती समजून घे. तुझी आई.”

पाहा, या पत्रात रडगाणे नाही आणि खोटेही नाही. बाबांचा गुडघा दुखतो हे लिहिले आहे. औषध चालू आहे हेही लिहिले आहे. “सगळे झकास आहे” असेच दरवेळी लिहिले, तर मुलाला शंका येते. खरे लिहावे, पण पुरे लिहावे.

ज्या गोष्टीवर तो तिथून काही करू शकत नाही, तिचा घोर त्याला लावू नये. भावकीचे भांडण, बांधाची कटकट, सुनेची आणि सासूची कुरबुर ही पत्रात घालू नये. ती घरी मिटवावी. सुनेची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. एकाच माणसाची वाट घरात दोघी पाहत असतात. एक आई म्हणून, एक बायको म्हणून. दोघींचे दुःख एकच आहे. मग भांडण कशाचे? त्याचे पत्र आले, फोन आला, तर दोघींनी मिळून ऐकावा.

६. घरात वाईट घडले तर?

हा अवघड प्रश्न आहे. पण त्याला तोंड दिले पाहिजे. मुलगा पाण्याखाली असताना घरात कोणी फार आजारी पडले, किंवा गेले, तर काय करावे?

पूर्वी तार करीत. आपल्याकडची तारेची सेवा २०१३ साली बंद झाली. आता वहीतल्या नंबरावर फोन करावा. मुलाचे नाव, हुद्दा, क्रमांक सांगावा. काय घडले ते दोन वाक्यांत सांगावे. रुग्ण कोणत्या इस्पितळात आहे ते सांगावे. डॉक्टरांचा कागद जवळ ठेवावा. फोन लागत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. तेथली माणसे पुढे कळवायला मदत करतात.

पण एक गोष्ट मनाला आधीच सांगून ठेवावी. बातमी कचेरीला पोचली म्हणजे मुलाला पोचली असे नाही. मुलाला पोचली म्हणजे तो लगेच निघू शकेल असेही नाही. समुद्राच्या मधोमध एस.टी. थांबत नाही.

दुसऱ्या देशांतल्या आईबापांवरही हीच वेळ येते. गेल्या शतकात अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या नौदलांत महिनोन्‌महिने पाण्याखाली राहणाऱ्या पाणबुड्यांवर घरच्यांना अगदी लहान संदेश पाठवता येई. तो काही थोड्या शब्दांचा असे. आधी तो अधिकारी वाचून पाहत. वाईट बातमी असली तर तो पुढे जात नसे. आणि मुलाला उत्तर धाडता येत नसे. ऐकायला हे कठोर वाटते. पण विचार करा. आत अडकलेल्या माणसाला आईच्या मरणाची बातमी कळली आणि त्याला येता आले नाही, तर त्याचे काय होईल? आणि त्याच्या हातावर ज्यांचे जीव अवलंबून आहेत त्या सोबत्यांचे काय होईल?

म्हणून हे बोलणे आधीच करून ठेवावे. मुलाला सरळ विचारावे, “तू नसताना काही बरंवाईट झालं, तर क्रियाकर्म कोणी करायचं? तुझ्यासाठी थांबायचं का?” पुष्कळ मुले म्हणतात, “थांबू नका. धाकट्याला करू द्या.” हे एकदा त्याच्या तोंडून ऐकले, की मग पुढे कोणी कोणाला दोष देत नाही. “पोरगा बापाच्या मातीला आला नाही,” असे गावात कोणी बोलला तर त्याला आपण सांगायचे, “तो आला नाही असं नाही. त्याला येता येत नव्हतं. आणि हे आमचं आधीच ठरलं होतं.”

आणखी एक सांगतो, राग मानू नका. आपल्याकडे एक जुनी खोड आहे. मुलाला सुट्टी मिळावी म्हणून “आई अत्यवस्थ, ताबडतोब निघा” अशी खोटी तार करीत. आई खरे तर चुलीपाशी भाकरी भाजत असे! हे कधीही करू नये. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण शाळेत ऐकली आहे. खोट्या निरोपाने एकदा सुट्टी मिळेल. पण पुढे खरी वेळ आली की कोणी विश्वास ठेवणार नाही. आणि खोटा निरोप ऐकून मुलाच्या काळजाचे पाणी होते ते वेगळेच.

७. वाईट बातम्या आणि अफवा

पाणबुडीच्या कामात धोका नाही असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हटले तर ते खोटे होईल. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीवर स्फोट झाले आणि १८ नौसैनिक मृत्यू पावले. २०२१ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियाची एक पाणबुडी बुडाली, तिच्यातले ५३ जण गेले. तिच्या शोधासाठी आपल्या नौदलाने विशाखापट्टणम्‌हून मदत पाठवली होती.

पण धोक्याबरोबर तयारीही वाढली आहे. खोल पाण्यात अडकलेल्या पाणबुडीला जाऊन चिकटणारी आणि माणसांना बाहेर काढणारी खास बचाव-नौका आपल्या नौदलाने २०१८ साली मुंबईत आणली. पुढे दुसरी विशाखापट्टणम्‌ला आली. अशी नौका सुमारे ६५० मीटर खोलीपर्यंत जाऊ शकते आणि एका खेपेला १४ माणसांना वर आणू शकते. तिला वाहून नेण्यासाठी आणि पाणबुड्यांना मदत करण्यासाठी ‘निस्तार’ नावाचे मोठे जहाज विशाखापट्टणम्‌ला बांधले. ते २०२५ साली नौदलात आले.

आता अफवांचे पाहू. टीव्हीवर एखादी बातमी येते. मोबाइलवर कोणीतरी चित्र धाडते. खाली लिहितो, “आपली पाणबुडी बुडाली.” आणि आईच्या हातातला तांब्या खाली पडतो. अशा वेळी काय करावे?

पहिले, थांबावे. चित्र कोणी धाडले, केव्हाचे आहे, हे विचारावे. जुनी चित्रे नवी म्हणून फिरतात. दुसरे, ती पुढे धाडू नये. आपल्यासारखीच दुसरी आई ती पाहील. तिसरे, वहीतल्या नंबरावर विचारावे. काही खरेच घडले असेल, तर नौदल घरच्यांना स्वतः कळवते. चावडीवरच्या गप्पांतून ती गोष्ट कळायची नसते.

शेजाऱ्यांनीही भान ठेवावे. “काय हो, टीव्हीवर ऐकलं ते खरं का? तुमचा पोरगा त्यातच होता का?” असे त्या घरी जाऊन विचारू नये. जायचे असेल तर जावे, बसावे, चहा करून द्यावा. एवढे पुरे.

८. काय सांगू नये

मुलाचा अभिमान वाटतो. वाटलाच पाहिजे. “आमचा पोरगा नौदलात आहे,” हे ताठ मानेने सांगावे. पण त्यापुढचे सांगू नये.

त्याची पाणबुडी कोणती, ती केव्हा निघणार, केव्हा परतणार, कोणत्या बंदरात आहे, हे कोणाला सांगू नये. बाजारात नाही, लग्नात नाही, एस.टी.त नाही. मोबाइलवरच्या गटात तर मुळीच नाही. गणवेशातले किंवा गोदीतले फोटो लोकांसाठी टाकू नयेत. आपल्या गटात गावचीच माणसे आहेत असे वाटते. पण एकाने दुसऱ्याला धाडले, दुसऱ्याने तिसऱ्याला, की ते चित्र कोठे जाईल याचा नेम नाही.

अनोळखी माणसाचा फोन येतो. गोड बोलतो. “मी तुमच्या मुलाचा मित्र बोलतोय, काकी. तो कुठे आहे सध्या?” कधी म्हणतो, “मी कचेरीतून बोलतोय, त्याचा क्रमांक सांगा, बँकेचा नंबर सांगा.” काही सांगू नये. “तुमचा नंबर द्या, मी विचारून कळवते,” एवढे म्हणून फोन ठेवावा. खरा मित्र असेल तर रागावणार नाही. लबाड असेल तर पुन्हा फोन करणार नाही.

मुलानेही आपल्याला सगळे सांगावे असा हट्ट धरू नये. “आईपासून काय लपवतोस?” असे म्हणू नये. आईला माहीत नसले, की आईच्या तोंडून निसटत नाही. त्याच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या जिवाची राखण आपल्या जिभेवर आहे.

९. तो घरी येतो तेव्हा

मुलगा घरी येतो. चेहरा फिकट झालेला असतो. ऊन डोळ्यांना सोसत नाही. दिवसा झोपतो, रात्री जागा राहतो. थोडे बोलतो. आईला वाटते, पोरगा बदलला.

तो बदलला नाही. त्याचे दिवसरात्रीचे घड्याळ अजून घरी पोचलेले नाही. त्याला दोनचार दिवस द्या. पहिल्याच दिवशी सगळ्या भावकीला जेवायला बोलावू नका. दुसऱ्याच दिवशी मुलगी पाहायला घेऊन जाऊ नका. कर्जाचा हिशेब तिसऱ्या दिवशी मांडू नका. त्याला पोटभर झोपू द्या. विहिरीवर मनसोक्त आंघोळ करू द्या. गोड्या पाण्याची किंमत त्याला आपल्यापेक्षा जास्त कळते. शेतात हिंडू द्या. मोकळे आभाळ पाहू द्या.

तो आपणहून बोलला तर ऐका. न बोलला तर उकरू नका. पण बरेच दिवस झाले तरी तो झोपत नाही, चिडतो, दारूकडे वळतो, असे दिसले तर गप्प बसू नका. त्याला नौदलाच्या डॉक्टरकडे जायला सांगा. मनाचे दुखणे हेही दुखणेच आहे. त्यात लाज नाही.

१०. वाट पाहण्याचे दिवस

शेवटी आपल्याविषयी. आईबापांनी स्वतःला जपले पाहिजे. रोज दाराकडे डोळे लावून बसल्याने दिवस लवकर जात नाही. उपास करकरून अंगातले बळ घालवू नका. मुलगा येईल तेव्हा त्याला धडधाकट आईबाप हवे आहेत. शेत आहे, गुरे आहेत, नातवंडे आहेत, रात्रीचा आपला वर्ग आहे. त्यात मन घाला. नौदलात मुले असलेली दुसरी घरे तालुक्यात असतील, त्यांना भेटा. आपले दुःख जाणणारा माणूस भेटला की ते निम्मे होते.

आणि कधी जमले तर एक प्रवास करा. विशाखापट्टणम्‌ला समुद्रकिनाऱ्यावर ‘कुरसुरा’ नावाची जुनी पाणबुडी ठेवली आहे. तिने अनेक वर्षे नौदलाची चाकरी केली. २००१ साली ती निवृत्त झाली आणि २००२ पासून लोकांना पाहायला खुली आहे. तिकीट काढून आत जाता येते. झोपायच्या फळ्या पाहा. स्वयंपाकाची इवलीशी खोली पाहा. यंत्रांवरून हात फिरवा. मग काळ्या पाण्याच्या जागी डोळ्यांपुढे खरी जागा उभी राहील. माझा मुलगा इथे झोपतो, इथे जेवतो, इथे उभा राहून काम करतो, असे म्हणता येईल.

हे लक्षात ठेवा

मुलगा गप्प आहे, कारण गप्प राहणे हे त्याचे काम आहे.
नाव, हुद्दा, क्रमांक, पत्ता, फोन वहीत लिहून ठेवा.
खोटा निरोप कधी धाडू नका.
ऐकलेली बातमी विचारल्याशिवाय मानू नका आणि पुढे धाडू नका.
पाणबुडी कोठे आहे हे कोणाला सांगू नका.
पत्र लिहा. स्वतःच्या हाताने लिहा.

लिहून पाहा

वहीचे एक पान घ्या. आपल्या मुलाला, भावाला, नाहीतर शेजारच्या घरच्या नौसैनिकाला दहा ओळींचे पत्र लिहा. वर तारीख घाला. घरातली एक लहान गोष्ट लिहा, एक खरी गोष्ट लिहा. शेवटी आपली सही करा. अंगठा नको, सही करा. पत्र पाकिटात घालून उद्याच पेटीत टाका. तो बंदरात येईल तेव्हा ते त्याची वाट पाहत असेल.